आभासी जगातील आडनाव

आभासी जगात जात नसते, असे हल्ली आपल्या शिकलेल्या तरुणांतही मोठ्या विश्वासाने बोलले जाते. संगणकाच्या पडद्याआड उभारलेल्या त्या जगात माणूस मर्जीचे नाव घेतो, मर्जीचा देह घेतो आणि त्या देहाला 'अवतार' म्हणतात. हा शब्द उचलणाऱ्या अमेरिकन मंडळींना त्याचा इतिहास कितपत ठाऊक होता, कोण जाणे! आपल्याकडे मर्जीने अवतार घेण्याचा अधिकार देवांचा. माणसाचा देह आणि त्या देहाची पायरी त्याच्या जन्माआधीच ठरलेली.

आमच्या अभ्यासवर्गाला येणारा एक विद्यार्थी अशाच एका खेळात परक्या नावाने वावरतो, हे मला दोन वर्षांपूर्वी कळले. मी त्याला चारचौघांत म्हणालो, "तू जात चोरतोस." माझी पिढी पँथरच्या घोषणांत वाढलेली. १९७२ नंतर आम्ही नाव लपवायचे नाही, नाव छातीवर लावायचे शिकलो. तो म्हणाला, "सर, मी काय चोरलं? त्यांनी विचारलंच कशाला?" आधी तो स्वतःच्या नावानेच खेळत होता. खेळताना आवाजाने बोलता येते. संघातल्या एकाने त्याला गाव विचारले, मग आडनाव विचारले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची चूक झाली की 'कोट्यातला' हा शब्द ऐकू येऊ लागला. हे सांगून तो गेला, तो परत वर्गाला आला नाही. त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून मी या विषयावरचे लेखन वाचू लागलो.

त्यात टॉम बोएलस्टॉर्फ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाचे 'कमिंग ऑफ एज इन सेकंड लाइफ' (२००८) हे पुस्तक महत्त्वाचे आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने २००३ मध्ये लोकांसाठी खुल्या केलेल्या 'सेकंड लाइफ' या आभासी जगात लेखक जून २००४ ते जानेवारी २००७ पर्यंत स्वतः अवतार घेऊन राहिला. त्याने तेथील रहिवाशांची अवतारनावेही पुस्तकात बदलून दिली. टोपणनावालाही अब्रू असते, त्याचीही राखण करावी लागते, ही त्याची जाणीव मला मोलाची वाटते. आपल्याकडील किती संशोधक वस्तीत येऊन माणसांची नावे-गावे बेधडक छापून मोकळे होतात! परंतु आभासी जग त्याच्याच अटींवर अभ्यासावे, पडद्याबाहेरचा माणूस कोण हे पडताळू नये, ही लेखकाची भूमिका मला अर्धीच पटते. ज्याला बाहेर कोणी हुडकत नाही, त्याला ही दोन जगे वेगळी ठेवणे सोपे जाते. शिवाय सेकंड लाइफमध्ये आवाजाने बोलण्याची सोय आली ती याच २००७ सालात, लेखकाचे तेथील काम संपल्यावर. लिहिलेल्या अक्षराला हेल नसतो. आमच्या माणसाने तोंड उघडले की निम्मी ओळख तेथेच पटते.

त्या जगातील आडनावांची कथा तर आपल्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी आहे. सुरुवातीला तेथे प्रवेश करणाऱ्याला पहिले नाव स्वतः ठरवता येई, आडनाव मात्र कंपनीने दिलेल्या यादीतून उचलावे लागे. २०१० मध्ये ही पद्धत बंद झाली आणि प्रत्येक नवागताला 'रेसिडेंट', म्हणजे रहिवासी, हे एकच आडनाव मिळू लागले. हे वाचताना मी क्षणभर हरखून गेलो. सगळ्यांचे आडनाव एक! पण यादीतले जुने आडनाव ज्याच्याकडे होते तो लगेच जुनाजाणता ठरत असे, आणि 'रेसिडेंट' दिसला की तो नवखा. २०२० मध्ये आडनावे पुन्हा आली, तीही वर्गणीदारांना आणि वेगळे पैसे भरून. जेथे जन्मच नाही, तेथेही आडनावाने पायऱ्या तयार केल्या.

नोंदवहीत परके नाव लिहिण्याचा प्रसंग बाबासाहेबांवर आला होता. १९१७ मध्ये परदेशातून शिकून ते बडोद्याला नोकरीस गेले, तेव्हा राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत शिरायचे तर वहीत पारशी नाव घालणे भाग होते. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहातील त्याच नावाच्या कथेतही जात उघडी पडताच नायकाला मार खावा लागतो. या दोन्ही ठिकाणी चोर कोण? खोलीत राहू इच्छिणारा, की खोली अडवून बसलेला? मी त्या मुलाला जे बोललो, ते वहीच्या बाजूने बोललो. नाव सांगणे हा विद्रोह होतो, तो सांगणाऱ्याने वेळ निवडली म्हणून. दुसऱ्याने वदवून घेतलेले नाव ही केवळ झडती असते.

खरे नाव लावले की माणसे सभ्य होतात, हा युक्तिवाद पांढरपेशा मंडळींना फार आवडतो. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळाच्या ब्लिझर्ड कंपनीने जुलै २०१० मध्ये आपल्या चर्चामंचावर खेळाडूंची खरी नावे दाखवण्याचे जाहीर केले, तेव्हा हेच कारण दिले. कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने यात धोका नाही हे दाखवायला स्वतःचे नाव लिहिले. लोकांनी त्याचा फोन आणि पत्ता हुडकून काढला. तीनच दिवसांत कंपनीने माघार घेतली. आपल्या खेड्यांत तर सगळेच सगळ्यांना खऱ्या नावाने ओळखत आले आहेत. त्यामुळे तेथे कोणती सभ्यता नांदली?

पण नाव लपवून तरी भागते का? आता त्या जगात शिरायला डोक्यावर यंत्र चढवतात आणि दोन्ही हातांत साधने धरतात. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या संशोधकांनी 'बीट सेबर' या खेळातील ५० हजारांवर खेळाडूंच्या हालचाली तपासल्या. डोके आणि हात यांच्या अवघ्या १०० सेकंदांच्या हालचालीवरून ९४ टक्के वेळा माणूस अचूक ओळखता आला. त्या यंत्राला जात कळत नाही, हे खरे. हा तोच माणूस, एवढेच त्याला कळते. परंतु तोच माणूस दुसरीकडे खऱ्या नावाने खेळला असेल, तर दोन्ही नोंदी एकत्र आणायला कितीसा वेळ लागणार? माणूस कसा उभा राहतो, हात कोठे ठेवतो, यावरून त्याला जोखणे ही गावाची जुनी विद्या. ती आता कंपनीच्या हाती आली आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्याचे स्वागत आपण केलेच पाहिजे. मात्र २०१९ च्या माहिती संरक्षण विधेयकात संवेदनशील माहितीचा वेगळा वर्ग होता आणि त्यात जात व जमात यांचा स्पष्ट उल्लेख होता. २०२३ मध्ये जो कायदा झाला, त्यात तो वर्गच उरला नाही. आपल्या संघटनांनी यावर जितके बोलायला हवे होते, तितके आपण बोललो नाही. खासगीपणा म्हणजे बंगल्यात राहणाऱ्यांचे दुखणे, असे आपण मानत आलो. एका खोलीत आठ माणसे राहतात तेथे कसला खासगीपणा, असे मीही पूर्वी एका सभेत म्हणालो होतो, आणि टाळ्या घेतल्या होत्या.

त्या मुलाला मी निरोप पाठवला आहे. तो येईल की नाही, सांगता येत नाही. दरम्यान मी अभ्यासवर्गाची हजेरीवही काढून पाहिली. तिच्यात पूर्ण नाव, गाव आणि फोन असे तीन रकाने आहेत. ते कोणी आखले हे आता आठवत नाही, बहुधा मीच. त्या मुलाने नावाच्या रकान्यात नुसते पहिले नाव लिहिले होते आणि पुढे आडनाव माझ्या अक्षरात भरलेले आहे.