मिगपक्खी आणि अधन : पर्यावरणवादी बौद्ध विवेचनाची एक चिकित्सा

हवामानबदल आणि वन्यजीवांचा ऱ्हास या दोन प्रश्नांच्या संदर्भात बौद्ध धम्माचा उल्लेख आज जगभर होऊ लागला आहे. २००९ साली तयार झालेले आणि २०१५ साली, पॅरिस परिषदेपूर्वी, सुधारून पुन्हा प्रसृत झालेले ‘द टाइम टू अ‍ॅक्ट इज नाऊ’ हे बौद्ध निवेदन त्याचे ठळक उदाहरण होय. चार आर्यसत्यांच्या चौकटीत पृथ्वीच्या दुःखाचे निदान करण्याचा त्यातील प्रयत्न स्वागतार्ह आहे. २०२४ हे औद्योगिकीकरणापूर्वीच्या सरासरीपेक्षा १.५ अंशांहून अधिक उष्ण असे पहिले वर्ष ठरले, ही जागतिक हवामान संघटनेची नोंद पाहता अशा प्रयत्नांची निकड कोणीही नाकारणार नाही. तथापि, या विवेचनाला आधार म्हणून पालि तिपिटकातील जे विचार पुढे केले जातात त्यांचा मूळ संदर्भ काय आणि कोणते विचार मागे राहून जातात, हे तपासणे आवश्यक झाले आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

पर्यावरणवादी बौद्ध विवेचनाचा पाया म्हणजे पटिच्चसमुप्पाद. जोआना मेसी यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘म्युच्युअल कॉजॅलिटी इन बुद्धिझम अँड जनरल सिस्टिम्स थिअरी’ या ग्रंथात पटिच्चसमुप्पादाचा अर्थ परस्परकार्यकारणभाव असा लावला आणि आधुनिक प्रणालीशास्त्राशी त्याची सांगड घातली. हा अर्थ अगदीच निराधार नाही. संयुत्त निकायातील नळकलापी सुत्तात सारिपुत्त स्थविरांनी विञ्ञाण आणि नामरूप यांना एकमेकींच्या आधाराने उभ्या असलेल्या बोरूच्या दोन पेंढ्यांची उपमा दिली आहे. एक काढली की दुसरी पडते. परंतु एका विशिष्ट जोडीविषयी सांगितलेली गोष्ट या विवेचनाच्या लोकप्रिय रूपात संपूर्ण विश्वाला लावली जाते आणि ‘सर्व काही सर्वांशी जोडलेले आहे’ असे घोषवाक्य तयार होते. हे घोषवाक्य महायानातील अवतंसक परंपरेच्या जवळचे आहे. निकायांतील पटिच्चसमुप्पादाचे ते सार नव्हे. निकायांत भर आहे तो विशिष्ट प्रत्ययावर. हे असताना ते होते, हे नसताना ते होत नाही, असा तेथील विचार आहे. दुःखाचे नेमके कारण शोधावे आणि त्याचा निरोध करावा, यासाठी तो सांगितला आहे.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. सर्वच सर्वांशी जोडलेले असेल तर दोष कोणाचा, या प्रश्नाला अर्थ उरत नाही. कोळशाची खाण चालविणारा आणि त्या खाणीमुळे विस्थापित झालेला मजूर, दोघेही ‘आपण सारे’ या एकाच सर्वनामात सामावतात. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालानुसार घरगुती उपभोगातून होणाऱ्या उत्सर्जनापैकी ३४ ते ४५ टक्के वाटा जगातील सर्वांत संपन्न १० टक्के कुटुंबांचा आहे, तर तळच्या ५० टक्क्यांचा वाटा १३ ते १५ टक्के आहे. पटिच्चसमुप्पादाचा विद्यार्थी हे आकडे पाहून ‘आपण सारे जबाबदार’ असे म्हणून थांबू शकत नाही.

दीघ निकायातील महानिदान सुत्त या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. तेथे तण्हेपासून जरामरणाकडे जाणाऱ्या सुपरिचित साखळीबरोबर दुसरीही एक साखळी आहे. तण्हेतून परियेसना म्हणजे शोध, शोधातून लाभ, आणि पुढे एकेक पायरीने परिग्गह म्हणजे कब्जा, मच्छरिय म्हणजे कृपणता आणि आरक्ख म्हणजे मिळविलेल्याची राखण. या राखणीतून दंड, शस्त्र आणि कलह उद्भवतात. ही साखळी समाजाची आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात वर्गकलहाचे यथार्थ विश्लेषण म्हणून याच विचाराकडे लक्ष वेधले, ही गोष्ट आमच्या वाचकांना ठाऊक आहेच. निसर्गाच्या लुटीची कारणमीमांसा करू पाहणाऱ्यास तिपिटकात याहून उपयुक्त स्थळ क्वचितच सापडेल.

अग्गञ्ञ सुत्ताची गोष्ट अशीच आहे. संध्याकाळी कापलेला साळीचा भात सकाळपर्यंत पुन्हा पिकत असे. पण एका आळशाने दोन्ही वेळचा भात एकदम आणून ठेवला, इतरांनी दोन, चार, आठ दिवसांचा साठा केला, आणि मग तांदळावर कोंडा व तूस चढले, कापलेले पुन्हा उगवेनासे झाले. पुढे शेतांना बांध पडले आणि चोरी आली. संग्रहवृत्तीने निसर्गाची समृद्धी आटते, हा या कथेतून काढला जाणारा बोध योग्यच आहे. परंतु हे सुत्त कोणाला आणि कशासाठी सांगितले, हे विसरून चालणार नाही. ब्राह्मणकुळात जन्मून संघाकडे आलेल्या वासेट्ठ आणि भारद्वाज यांना ब्राह्मण शिव्याशाप देत होते. त्या प्रसंगी, जन्माने श्रेष्ठत्वाचा दावा खोडून काढण्यासाठी भगवंतांनी ही कथा सांगितली. जातिश्रेष्ठत्वाचे खंडन हा ज्या सुत्ताचा प्राण, त्यातून केवळ भाताची गोष्ट उचलणे म्हणजे फळ टाकून साल घेणे होय.

आमच्या मते या साऱ्या चर्चेत निर्णायक ठरावे असे स्थळ म्हणजे चक्कवत्ति-सीहनाद सुत्त. त्यात चक्रवर्ती राजाचे कर्तव्य सांगितले आहे. राजाने ज्यांना ‘रक्खावरणगुत्ति’, म्हणजे धम्मानुसार रक्षण, पुरवायचे त्यांच्या यादीत सैन्य, गृहपती, नगरवासी व जनपदवासी, श्रमण-ब्राह्मण आणि शेवटी ‘मिगपक्खी’, म्हणजे पशुपक्षी, येतात. वन्यजीवांचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य आहे, असे इतक्या स्पष्टपणे सांगणारे हे स्थळ अभिमानाने दाखविण्याजोगे आहे. परंतु त्याच उपदेशात आणखी एक कर्तव्य आहे : राज्यात जे ‘अधन’ असतील त्यांना धन द्यावे.

यानंतर सुत्तात जे घडते ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. परंपरेतील पुढचा एक राजा रक्षणाची व्यवस्था करतो, परंतु अधनांना धन देत नाही. त्यातून दालिद्दिय, म्हणजे दारिद्र्य, वाढते. दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या, आणि अखेर मनुष्याचे आयुष्य दहा वर्षांवर येते. चोरी झाल्यावर राजा एकेका चोराला धन देऊन पाहतो. त्याने चोऱ्या वाढतात. मग तो शिरच्छेद करू लागतो. तेव्हा चोरही शस्त्रे हाती घेतात. लक्षात घ्यावयाचे ते हे की, या राजाने रक्षणात कसूर केल्याचे सुत्त म्हणत नाही. मिगपक्खी ज्या यादीत होते ते रक्षण त्याने केले. ऱ्हास झाला तो दुसरे कर्तव्य वगळल्याने. पशुपक्ष्यांचे रक्षण आणि दरिद्री माणसाचा हक्क यांची फारकत करणारे राज्य टिकत नाही, असा याचा सरळ अर्थ आहे.

इतिहासातही हा ताण दिसतो. सम्राट अशोकाने अभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षानंतर कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची लांबलचक यादी दिली आणि विनाकारण किंवा जीवहत्येसाठी वने जाळू नयेत असा आदेश दिला. जगाच्या इतिहासातील हा एक प्राचीन वन्यजीवरक्षण-आदेश होय. पण याच सम्राटाने तेराव्या शिलालेखात, कलिंगाविषयी पश्चात्ताप व्यक्त करतानाच, अटवीतील लोकांना आपल्या सामर्थ्याची आठवण करून देऊन ताकीद दिली. धम्मराजाच्या राज्यातही वनातील माणूस संशयाचा विषय होता, हे अशोकाविषयी आदर बाळगूनही नमूद केले पाहिजे.

हा प्रश्न आजही संपलेला नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली आला. वननिवासींचे हक्क मान्य करणारा कायदा येण्यास २००६ साल उजाडावे लागले. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी, वन्यजीवरक्षणाचे कार्य करणाऱ्या काही संस्थांच्या याचिकेवर, ज्यांचे वनहक्काचे दावे फेटाळले गेले होते अशांना हटविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्याच महिन्याच्या २८ तारखेस त्याला स्थगिती मिळाली. त्या पंधरवड्यात लाखो कुटुंबांवर टांगती तलवार होती. याउलट गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि ग्रामसभा बांबूची विक्री व वनाची राखण दोन्ही करू लागली. येथे मिगपक्खी आणि अधन एका यादीत आले.

आमच्या काही धम्मबांधवांना पर्यावरण हा संपन्न उच्चवर्णीयांचा छंद वाटतो. हा आक्षेप अनुभवातून आलेला आहे. परंतु तो स्वीकारता येत नाही. सुत्तातील यादीत मिगपक्खी आहेतच. भिक्खूंनी जमीन खणू नये, झाडेझुडपे तोडू नयेत, जिवंत प्राणी असलेले पाणी वापरू नये, हे विनयाचे पाचित्तिय नियम आहेत. शिवाय उन्हाच्या लाटेत रस्त्यावर, वीटभट्टीवर, गटारात काम करतो तो कोण, हे सांगावयास नको. उलट, निसर्गाला पूज्य मानून त्यात विलीन होण्याचा मार्गही धम्माचा नाही. निसर्ग अनित्य व दुःखयुक्त आहे ही निकायांची दृष्टी लॅम्बर्ट श्मिटहाउसेन यांनी १९९१ च्या ‘बुद्धिझम अँड नेचर’ मध्ये परखडपणे दाखविली आहे. धम्मात प्राणिमात्राचे रक्षण मेत्ता आणि करुणेवर उभे आहे. त्यासाठी वृक्षाला देव करण्याची गरज नाही. थायलंडच्या नान प्रांतातील फ्राखु पिटाक या भिक्खूंनी १९९० च्या दशकाच्या आरंभी झाडाला चीवर गुंडाळण्याचा जो विधी केला, त्याचे बळही त्या चीवरापेक्षा गावकऱ्यांच्या सामुदायिक वनाच्या रक्षणात होते.

म्हणून वैशाख पौर्णिमेस विहाराच्या आवारात रोपटी लावणे चांगलेच. परंतु तेथे थांबू नये. आपल्या तालुक्यात वनहक्काचे किती दावे प्रलंबित आहेत, वस्तीतील पाण्याचा झरा कोणाच्या ताब्यात गेला, उन्हाळ्यात मजुरांना सावली व पाणी मिळते की नाही, हे प्रश्न विहाराच्या सभेत विचारले गेले पाहिजेत. चक्कवत्ति-सीहनाद सुत्ताचे पठण करणाऱ्या संघाला आणि उपासकांना ही दोन्ही कर्तव्ये एकत्रच घ्यावी लागतील. त्यांपैकी एक वगळणाऱ्या राजाचे पुढे काय झाले, ते सुत्तातच आहे.