सायबर सुरक्षा : नागरिकाचा अभ्यासक्रम की व्यावसायिकाचा? (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याची समीक्षा : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात)

प्रस्तावना :

विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सायबर जागरूकता दिवसाचे औचित्य साधून पदवी व पदव्युत्तर स्तरासाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम जाहीर केला. जागरूक आणि जबाबदार डिजिटल नागरिक घडविणे हा त्यामागील घोषित हेतू होय. हेतूविषयी वाद असण्याचे कारण नाही. परंतु 'सायबर सुरक्षा' हे शब्द गुणपत्रिकेवर उमटले की विद्यार्थी आणि पालक त्यांचा अर्थ 'नोकरीची वाट' असा लावतात. महाविद्यालयांची माहितीपत्रकेही या समजुतीला फारसा विरोध करीत नाहीत. अभ्यासक्रम काय देतो आणि विद्यार्थी काय मिळाले असे समजतो, यांतील अंतर तपासणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आराखड्याचे स्वरूप :

पदवीस्तरावरील आराखड्यात पाच घटक आहेत : सायबर सुरक्षेची ओळख, सायबर गुन्हे व कायदा, समाजमाध्यमे, ई-कॉमर्स व डिजिटल देयके आणि उपकरणांची सुरक्षा. त्याची खरी प्रकृती मात्र प्रात्यक्षिकांच्या यादीतून उघड होते. सायबर पोलीस ठाण्यात तक्रार देण्यासाठी तपासणीसूची करणे, समाजमाध्यमांवरील गोपनीयतेच्या सेटिंग बदलणे, मोबाईल वॉलेट व यूपीआय सुरक्षित करणे, दुहेरी प्रमाणीकरण लावणे, अँटिव्हायरस बसविणे, वाय-फायची सुरक्षा राखणे अशी ही कामे आहेत. प्रत्येक काम उपयुक्त आहे. पुसदच्या किंवा वणीच्या कला शाखेतील विद्यार्थिनीने ती शिकून घरातील वडीलधाऱ्यांचे बँक खाते वाचविले, तर अभ्यासक्रमाचे सार्थक झाले असेच म्हणावे लागेल. तथापि या यादीत विद्यार्थी सर्वत्र वापरकर्त्याच्या किंवा तक्रारदाराच्या जागी उभा आहे. तक्रार लिहून झाल्यावर टेबलापलीकडे जो बसतो, त्याचे काम यात कुठेही नाही.

शेंदूरसनीचा दाखला :

हा भेद किती महत्त्वाचा आहे हे जिल्ह्यातीलच एका प्रकरणातून दिसते. आर्णी तालुक्यातील शेंदूरसनी हे सुमारे दीड हजार वस्तीचे गाव. सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५ या तीन महिन्यांत नागरी नोंदणी प्रणालीत या ग्रामपंचायतीच्या नावे २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे आढळले. गुन्हा दाखल झाला आणि शासनाने विशेष तपास पथक नेमले. दोषी कोण हे ठरविणे तपासयंत्रणेचे व न्यायालयाचे काम आहे. अध्यापकांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते यातून उद्भवणारे प्रश्न. लॉगिन कोणाच्या नावे होते आणि ते कोठून वापरले गेले? एवढ्या गावात वर्षभरात दोन-तीन डझन जन्म होणे स्वाभाविक असताना हजारोंच्या नोंदी होत गेल्या, तरी प्रणालीने धोक्याची घंटा का वाजविली नाही? अधिकारांची विभागणी, लॉगचे वाचन, असाधारण हालचालींवर पाळत हीच सायबर सुरक्षेच्या व्यवसायाची रोजची कामे होत. पासवर्ड कसा जपावा हे शिकलेला पदवीधर ग्रामपंचायतीच्या संगणकावर अधिक सावधपणे बसेल, हे खरे. परंतु वरील प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर शोधण्याचे साधन त्याच्या हाती दिलेले नसते.

सहकारी बँकांच्या संदर्भातही असेच म्हणता येते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातील मोठी रक्कम बनावट कार्डांच्या आधारे देशोदेशींच्या एटीएममधून काढण्यात आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली व डिसेंबर २०१९ मध्ये ती बँकांच्या डिजिटल व्यवहारांच्या व्याप्तीनुसार चार स्तरांत विस्तारली. विदर्भातील सहकारी बँकांनाही ती लागू आहे. म्हणजेच हे काम करणाऱ्या माणसांची गरज केवळ पुण्या-बंगळुरूत आहे असे नाही. जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना ही गोष्ट कोणी सांगत नाही, ही खंत नोंदवावीशी वाटते.

कायद्याचा शिळेपणा :

पदव्युत्तर आराखड्यात व्यक्तिगत विदा संरक्षण विधेयक व त्याचे अनुपालन असा उपघटक आहे. ते विधेयक ऑगस्ट २०२२ मध्येच, म्हणजे अभ्यासक्रम जाहीर होण्याच्या दोन महिने आधी, शासनाने संसदेतून मागे घेतले होते. अस्तित्वात नसलेल्या विधेयकाचे अनुपालन विद्यार्थ्यांनी कसे करावे, हा प्रश्न आराखडा करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही. पुढे २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम आला. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राची तरतूद जुन्या कलम ६५ ब ऐवजी कलम ६३ मध्ये आली. या प्रमाणपत्रात आता पुराव्याचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. हॅश कसा काढतात हे दाखविण्यास संगणक कक्षातील अर्धा तास पुरतो. तो न दाखविता जुनी कलमे पाठ करून घेणारा वर्ग विद्यार्थ्याला निरुपयोगी ज्ञान देतो, एवढेच नव्हे तर चुकीचेही देतो.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ व ६६ नुसार, मालकाच्या परवानगीवाचून संगणकप्रणालीत अप्रामाणिकपणे शिरणे हा तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांस पात्र गुन्हा आहे. 'सराव करीत होतो' या सबबीस कायद्यात सूट नाही. चित्रफिती पाहून उत्साहित झालेला विद्यार्थी महाविद्यालयाच्याच संकेतस्थळावर हात चालवू लागला, तर त्याचे भवितव्य प्रथम वर्षातच अडचणीत येऊ शकते. यास उपाय एकच, तो म्हणजे बाहेरच्या जाळ्याशी न जोडलेली बंदिस्त प्रयोगशाळा. त्यासाठी चार-पाच जुने संगणक व मुक्त आज्ञावली पुरेशा असतात. आराखड्यात अशा प्रयोगशाळेचा विचार असावयास हवा होता.

अध्यापक आणि भाषा :

व्याख्याने व प्रात्यक्षिकांसाठी उद्योगांतील तज्ज्ञांना पाचारण करावे, असे आयोगाने सुचविले आहे. यवतमाळात असा उद्योग कोठून आणावयाचा? प्रत्यक्षात हा विषय ज्याचा कार्यभार कमी पडतो त्याच्या वाट्याला जाण्याचा धोका संभवतो. मात्र 'तज्ज्ञ' या शब्दाचा अर्थ थोडा सैल केला तर माणसे जवळच आहेत. राज्यात २०१६ पासून जिल्हावार सायबर प्रयोगशाळा सुरू झाल्या. तेथील पोलीस कर्मचारी, बँकेतील संगणक अधिकारी, न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा हाताळणारे वकील यांचे अनुभव पाठ्यपुस्तकाहून सरस ठरतील. त्यांची भाषाही मराठी असेल. तक्रारदार मराठीत बोलतो आणि जबाब मराठीत नोंदविला जातो. तरीही वर्गात 'फिशिंग'ची व्याख्या इंग्रजीत घोकली जाते, ही विसंगती लहान नाही.

व्यवसायाची पूर्वतयारी :

शहरांतील खासगी वर्ग सहा महिन्यांत तज्ज्ञ करण्याची हमी देतात. त्यांच्या जाहिरातींत झळकणाऱ्या सीआयएसएसपी या प्रमाणपत्रासाठी परीक्षेखेरीज पाच वर्षांचा सवेतन अनुभव लागतो. योग्य पदवी असल्यास त्यात फार तर एका वर्षाची सवलत मिळते. ही अट विद्यार्थ्याला फी भरण्याआधी कळली पाहिजे, आणि ती सांगण्याची जबाबदारी महाविद्यालयाचीच आहे. क्विक हील उभी करणारे कैलास काटकर यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, हा दाखला प्रेरणेसाठी नेहमी दिला जातो. त्यातील अधिक उपयुक्त भाग असा की, दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतील व्हायरस हाच त्या भावंडांच्या अभ्यासाचा कच्चा माल होता. यंत्र उघडून पाहण्याची ती सवय तपासणीसूच्यांच्या या अभ्यासक्रमात रुजण्यास वाव नाही.

ज्यांना या व्यवसायातच जावयाचे आहे, त्यांच्यासाठी संगणकजाळे, लिनक्स, एखादी आज्ञावली भाषा व लॉगविश्लेषण यांचा स्वतंत्र श्रेयांक अभ्यासक्रम विज्ञान शाखेच्या अभ्यासमंडळाने आखावा. न्यायसहायक अंगाची ओढ असणाऱ्यांना नागपूरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेची वाट पदवीच्या दुसऱ्या वर्षीच दाखवून द्यावी. आयोगाचा आराखडा सर्वांसाठी जसा आहे तसा, कायद्याचा भाग दुरुस्त करून शिकविता येईल. फक्त माहितीपत्रकात त्याच्यापुढे 'रोजगाराभिमुख' हा शब्द छापू नये.