कारंजाची माता : पुत्रकामना आणि परलोक

‘पुत्र’ म्हणजे ‘पुत्’ नामक नरकातून तारणारा, ही परंपरामान्य व्युत्पत्ती अपत्याला जन्मापूर्वीच आईबापांच्या परलोकाचे साधन ठरविते. ज्याला जन्माला घालावयाचे त्याच्या हिताचा प्रश्न तीत उपस्थितच होत नाही. सरस्वती गंगाधरांचे ‘गुरुचरित्र’ ही श्रद्धा गृहीत धरते. तथापि तिच्या पोटातील नैतिक पेचही ते, कदाचित अभावितपणे, उघड करते. आजच्या वाशीम जिल्ह्यातील लाड कारंजा येथे घडणारा नृसिंह सरस्वतींच्या जन्माचा व गृहत्यागाचा कथाभाग या दृष्टीने पुन्हा वाचावयास हवा.

कथेचे बीज पूर्वजन्मात आहे. मंदबुद्धी पुत्रामुळे लोकनिंदेला कंटाळलेली कुरवपूरची विधवा त्याच्यासह नदीत जीव देण्यास निघते. श्रीपाद श्रीवल्लभ तिला परावृत्त करतात. ती पुढील जन्मी त्यांच्यासारखा पुत्र मागते. तीच कारंजात अंबा म्हणून जन्मते. मागणे फळते, परंतु मुंज होताच हा पुत्र संन्यासमार्गाला लागू पाहतो. वर मागितला एका जन्मी, त्याचे मोल मात्र त्या मागणीची आठवणही नसलेल्या दुसऱ्या जन्मीच्या स्त्रीने द्यावयाचे. म्हणूनच मस्तकी हात ठेवून तिला पूर्वजन्माचे स्मरण देणे कथेला अपरिहार्य होते. स्मरणाविना संमतीला अर्थ नसतो.

मातेच्या विनवणीत आधाराची भाषा आहे, आणि तिला उत्तरही त्याच भाषेत मिळते : आणखी पुत्र होतील. जुळे पुत्र झाल्यावर तो निघतो. पुत्र हे पद असेल, तर ते दुसऱ्याने भरता येते. परंतु एवढ्याने समाधान होणार असते, तर पूर्वस्मरणाची गरज काय होती? तिचा शोक या पदासाठी नाही, या मुलासाठी आहे. तो बोलण्यासाठी परंपरेने तिला वेगळे शब्द दिलेले नाहीत, इतकेच.

याच ग्रंथात पुढे गाणगापूरची साठ वर्षांची निपुत्रिक स्त्री पुढल्या जन्मासाठी संततीचा वर मागते, तेव्हा श्रीगुरू हसतात. त्या जन्मी या जन्माची आठवण कोणाला असणार, असा त्यांचा आशय. ते याच जन्मी अपत्य देतात. अंबेच्या कथेवरील याहून नेमके भाष्य बाहेरून आणण्याची आवश्यकता नाही. परलोकाच्या हिशेबात अपत्याला मांडणारी ही संहिता, त्या हिशेबात न मावणारे दुःखही आपल्याच पानांत जपून ठेवते.