सुटलं, पण पटलं का? मराठी शब्दकोड्यांच्या संकेतांविषयी

कविता, नाटक, कादंबरी यांच्यावर व्याख्यान असलं की कुणाला काही वाटत नाही. शब्दकोड्यावर आहे म्हटलं की मात्र पहिला प्रश्न येतो, ‘शब्दकोड्याची कसली आलीय समीक्षा?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरापासूनच सुरुवात करू. वर्तमानपत्रात बातमी भाषेत असते, अग्रलेख भाषेत असतो, जाहिरातही भाषेतच असते. पण ज्याचा विषयच भाषा आहे असा रोजचा मजकूर शोधायला गेलं, तर हाती लागतो तो एवढाच, वीतभर चौकोनांचा. वाचक तो पेन हातात घेऊन वाचतो आणि स्वतःच्या अक्षरानं पुरा करतो. मग तो कसा रचला जातो, हे तपासायला नको?

तपासायचं तर नारायण पेठेइतकी सोयीची जागा नाही. १९०५ साली लोकमान्यांनी घेतलेला गायकवाड वाडा, म्हणजे आपला केसरीवाडा, इथलाच. १९११ साली स्थापन झालेलं पुणे मराठी ग्रंथालयही इथलंच. छापणं आणि वाचणं ही या पेठेची जुनी सवय. शिवाय ही पेठ स्वतःच कोडी घालते. मोदी गणपती हे नाव घ्या. नवख्या माणसाला वाटतं, मोदकावरून पडलं असणार. तसं नाही. खुश्रूशेट मोदी या पारशी गृहस्थाची इथे बाग होती, तिच्यावरून ते आलं. गणपती म्हटल्यावर आपलं मन मोदकाकडे धावतं आणि तिथेच चकतं. पण उत्तर कळल्यावर कुणी ‘फसवलं’ असं म्हणत नाही. ‘अरेच्चा!’ म्हणतो, कारण मोदी हा शब्द पहिल्यापासून डोळ्यांसमोरच होता.

आमची कसोटी हीच आहे. दुसऱ्या दिवशी उत्तर छापून आलं की वाचकाच्या तोंडून काय निघतं? ‘अरेच्चा, मला कसं नाही सुचलं!’ असं निघालं तर संकेत चांगला, म्हणजे आपण बोलताना ज्याला क्लू म्हणतो तो. ‘असं होय? बरं मग!’ असं निघालं तर संकेत वाईट. कोडं अवघड की सोपं, हा प्रश्न निराळा.

आता आपल्या रोजच्या कोड्यांतले संकेत या कसोटीला लावून पाहू. ‘एक नदी (२)’. भीमा, नीरा, सीना, तापी, मुळा, मुठा, सगळ्या दोन अक्षरीच. समजा, उभ्या शब्दातून पहिलं अक्षर ‘मु’ मिळालं. तरीही मुळा की मुठा? दोघींचा संगम पुण्यात होतो हे खरं, पण दोन चौकोनांत एकच नदी मावते! दुसरा नमुना ‘कावळा (३)’, उत्तर ‘वायस’. तिसरा ‘कोकिळ (२)’, उत्तर ‘पिक’. जुन्या शब्दांना आमची हरकत नाही. दाते-कर्व्यांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड पुण्यातूनच काढले, ते उघडून बघायलाच हवेत. पण नुसता एका शब्दापुढे दुसरा शब्द ठेवला, तर सोडवणाऱ्याला काही शोधता येत नाही. त्याला ते माहीत असतं किंवा नसतं. दहा वर्षं कोडी सोडवलेल्या माणसाला ‘दारा म्हणजे बायको’ हे पाठ असतं, पण गाड्यांचं वेळापत्रक पाठ असावं तसं. त्यात भाषेशी खेळ कुठे झाला?

इथे कोडं रचणाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. मराठी कोड्यात एका घरात एक अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. ‘पुस्तक’ हा शब्द तीन घरांचा: पु, स्त, क. इंग्रजी कोड्यात एका घराला सव्वीसच पर्याय असतात. आपल्याकडे चौतीस व्यंजनांना बाराखडीनं गुणा, ४०८ होतात, आणि जोडाक्षरं वेगळीच. आडव्या शब्दातला ‘का’ उभ्या शब्दात ‘क’ किंवा ‘की’ होऊन चालत नाही. म्हणून शब्द जुळवणं अवघड जातं, काळी घरं वाढतात, दोन-तीन अक्षरी शब्दांची गर्दी होते. इंग्रजीत आठ अक्षरी शब्दाला आडव्या-उभ्याचे चारेक जोड सहज मिळतात. आपल्या तीन अक्षरी शब्दाला एक मिळतो, फार तर दोन.

पण याचा अर्थ काय होतो, ते बघा. चौकोन जेवढा आधार कमी देणार, तेवढा संकेतानं जास्त द्यायला हवा. इंग्रजीतल्या गूढ कोड्यांविषयी ‘झिमेनीझ’ या टोपणनावानं कोडी रचणाऱ्या मॅकनट यांनी १९६६ साली पुस्तक लिहिलं. त्यातला नियम साधा आहे: संकेतात एक अर्थ असावा, त्याच उत्तराकडे नेणारी दुसरी एक वाट असावी, आणि तिसरं काही नसावं. दोन वाटा एकाच दारात मिळाल्या की सोडवणाऱ्याला उद्याच्या अंकाची वाट पाहावी लागत नाही. आपलं उत्तर बरोबर आहे हे त्याचं त्यालाच कळतं. मराठी कोड्याला या दुसऱ्या वाटेची गरज इंग्रजीपेक्षा जास्त आहे, आणि नेमकी तीच आपल्याकडे दिसत नाही.

‘मराठीला हे जमणार नाही, हा इंग्रजीचा खेळ’ असं कुणी म्हणालं, तर आम्ही त्यांना वाल्या कोळ्याची गोष्ट आठवायला सांगू. ‘मरा मरा’ म्हणता म्हणता ‘राम राम’ झालं. म-रा उलटं केलं की रा-म. म्हणजे उलट वाचण्याचा संकेत प्रत्येक मराठी मूल शाळेत जायच्या आधीच शिकलेलं असतं. दंडीनं ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या ‘समागता’ या प्रकारात शब्दांच्या संधीतच अर्थ दडवलेला असतो. आणि आपले मोरोपंत! त्यांच्या रामायणांपैकी एक ‘निरोष्ठ’, म्हणजे ओठ जुळवून उच्चारायची अक्षरं टाळून लिहिलेलं. ‘प’चा सगळा वर्ग गेला, त्यात ‘म’ही गेला. म्हणजे रामायण लिहायचं आणि ‘राम’ हा शब्दच लिहायचा नाही! तरी वाचक रामापर्यंत पोहोचला पाहिजे. कोडं रचणाऱ्याचं काम याहून वेगळं काय असतं?

साधनं घरातच आहेत, ती वापरून काही संकेत करून पाहू. सगळे सोपेच ठेवले आहेत.

पहिला: ‘पहिल्या सुरामागे गाढव लागलं, तरी गोडच (३)’. पहिला सूर ‘सा’. गाढवाला संस्कृतात ‘खर’. साखर. ‘गोड पदार्थ (३)’ असा संकेत असता तर जिलबी, बासुंदी, पुरण असे किती तरी शब्द रांगेत उभे राहिले असते. इथे दुसरा कुणी घुसूच शकत नाही.

दुसरा: ‘शनिवारवाड्याच्या पोटात शिऱ्याचं सामान (२)’. श, नि, वा, र, वा, ड्या. आतली लागोपाठची दोन अक्षरं उचला, ‘रवा’. उत्तर संकेतात छापलेलंच आहे, तरी डोळा त्याच्यावरून घसरतो, कारण शनिवारवाडा म्हटलं की आपण पेशवाईत जातो.

तिसरा: ‘वाडा उलटून पाहिला, उजवा निघाला नाही (२)’. वा-डा, डा-वा. डावा. वाडे पाडून इमारती उभ्या राहणाऱ्या पेठांत हा संकेत जरा जास्तच लागू पडतो, तो भाग वेगळा.

चौथा: ‘दोन दिवसांनी नकार, तीच सरकारी मंजुरी (४)’. दोन दिवसांनी म्हणजे ‘परवा’, नकार म्हणजे ‘ना’. परवाना. ज्यानं कुठल्याही कचेरीत खेटे घातलेत, त्याला हे समजावून सांगायला नको.

आणि आपली ती नदी. ‘पुण्याची नदी किसून कोशिंबीर करता येते (२)’. आता मुठा बाजूला झाली, मुळाच उरली. शब्द तोच, चौकोन तोच. फक्त वाचकाला निवड करायला कारण मिळालं.

या खेळाला शुद्धलेखनही लागतं. ‘नदी उलटली की गरीब (२)’ याचं उत्तर ‘दीन’. नदीच्या शेवटी दीर्घ ई आहे म्हणून हे जमतं. ऱ्हस्व लिहिली तर ‘दिन’ होतो, आणि गरिबाच्या जागी दिवस येऊन बसतो. शासनानं १९६२ साली मान्य केलेल्या लेखननियमांप्रमाणे मराठीत शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ लिहायचे. रचणाऱ्याला हे जाचक होतं, म्हणून आडव्यात ‘ति’ आणि उभ्यात ‘ती’ एकाच घरात बसवण्याची तडजोड होते. आम्हांला ती मान्य नाही. जिथे वेलांटीच उत्तर ठरवते, तिथे वेलांटीची उधारी चालणार नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं गंभीर व्हायचं कारण काय? दहा मिनिटांची करमणूक आहे. पण याच प्रश्नावर या देशात खटला लढवला गेला आहे. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून आर. एम. डी. चमारबागवाला यांची ‘आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड’ ही बक्षिसांची स्पर्धा चाले. मुंबई राज्यातही लोक प्रवेश फी भरून ती खेळत. मुंबई सरकारनं १९४८ चा बक्षीस स्पर्धांवरचा कायदा १९५२ मध्ये दुरुस्त करून बाहेरून येणाऱ्या अशा स्पर्धाही परवाना आणि कराच्या कक्षेत आणल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ एप्रिल १९५७ चा निकाल असा, की ज्या स्पर्धेतलं यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून नसतं ती स्पर्धा जुगार आहे, आणि जुगाराला व्यापाराचं संरक्षण मिळत नाही. त्याआधीच १९५५ च्या केंद्रीय कायद्यानं अशा स्पर्धांच्या बक्षिसांवर महिन्याला एक हजार रुपयांची मर्यादा घातली होती.

कायद्याची भाषा बाजूला ठेवा आणि त्यातला विचार घ्या. दोन उत्तरं सारखीच बरोबर असतील आणि संयोजकाच्या पाकिटात त्यांतलं कुठलं आहे यावर निकाल लागणार असेल, तर ते ओळखायला बुद्धी नव्हे, नशीब लागतं. ‘एक नदी (२)’ हा संकेत याच जातीचा आहे. आज पैसे लावलेले नाहीत एवढंच. पण लावलेलं दुसरं काही असतं. नव्यानं मराठी शिकणारा, परदेशात वाढलेला नातू, इंग्रजी शाळेतली मुलगी, यांनी कोडं हातात घेतलं आणि चार दिवस ‘वायस’, ‘पिक’, ‘एक नदी’ असं भेटलं, तर ती काय समजतील? ‘आपलं मराठी कच्चं आहे’ असं समजून कोडं मिटवून ठेवतील. कच्चा संकेत असतो, आणि कमीपणा वाचक घेतो. आमची तक्रार आहे ती इथे.

एक आक्षेप उरतो. सकाळच्या चहाबरोबर सुटेल असंच कोडं लोकांना हवं असतं, असं म्हणतात. मान्य. म्हणून तर वरचे संकेत सोपे आहेत. ‘साखर’ आठवीतल्या मुलालाही सुटेल, आणि ‘खर’ म्हणजे गाढव हे त्याला जाता जाता कळेल. कोशातला शब्द पाठ न करता शिकला गेला, तर तेही कोशकारांच्या कामाचं चीजच म्हणायचं.

सगळं कोडं एका दिवसात बदला, असं आम्ही म्हणत नाही. वीस संकेतांतले पाच जरी दोन वाटांचे केले, तरी वाचकाला चव लागेल. दुसरं, उद्याच्या अंकात नुसतं उत्तर छापू नका, त्या पाचांपुढे अर्ध्या ओळीत कारण द्या: ‘सा + खर’. ज्या संकेताला असं कारण देता येत नाही, तो रचणाऱ्यानं स्वतःच खोडावा. आणि सोडवणाऱ्यांनीही उत्तर पटलं नाही तर गप्प बसू नये, संपादकाला पत्र लिहावं. अग्रलेखावर लिहितो, मग कोड्यावर का नाही?

आता प्रश्नोत्तरांकडे वळू. तोवर डोक्यात घोळवायला एक देऊन ठेवतो: ‘कडा उलटताच टपाल आलं (२)’. उत्तर आम्ही सांगणार नाही, आणि सांगावं लागणारही नाही.