तलाकपूर्वीची बाई

मुस्लिम मराठी कथेत तलाक मिळालेली बाई जागोजाग भेटते. नवऱ्याचा मार खाणारी, पण तलाक न मिळालेली बाई मात्र शोधावी लागते. आमच्या लेखकांच्या कथा-कविता एकापाठोपाठ एक वाचत गेलो की ही गोष्ट आम्हाला टोचते. कथा सुरू होते तीच मुळी तीन शब्द उच्चारले गेल्यावर. त्याआधीची दहा-बारा वर्षे त्या घरात काय चालले होते, याविषयी लेखक एखाद्या वाक्यात उरकून घेतो.

याची कारणे साहित्याबाहेर आहेत. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. १९८५ मध्ये शहाबानो निकाल आला, १९८६ मध्ये कायदा झाला, २०१७ मध्ये शायरा बानो निकाल आणि २०१९ मध्ये पुन्हा कायदा. प्रत्येक वळणावर चर्चा तलाक आणि पोटगीची. लेखणीही त्याच वाटेने गेली. त्या लढ्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु ज्या बाईला नवरा सोडतही नाही आणि मारायचेही थांबत नाही, ती या सगळ्यात कुणाचाच विषय झाली नाही. बाहेरच्यांना तिच्यात राजकारण दिसले नाही आणि आतल्यांना ती 'घरची बात' वाटली.

या संदर्भात मल्लिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे १९८४ सालचे आत्मकथन आमच्या समीक्षेने कसे वाचले, किंवा कसे वाचले नाही, हे पाहण्यासारखे आहे. शाहीर अमर शेखांचे नाव आम्ही अभिमानाने घेतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातला त्यांचा पहाडी आवाज हा आमचा वारसा आहे, असे व्यासपीठावरून सांगतो. त्यांच्या मुलीचे पुस्तक मात्र आमच्या यादीत सहसा नसते. आई हिंदू, नवरा दलित पँथरचा नेता आणि मोठा कवी. तेव्हा हे पुस्तक 'आपले' कसे, असा हिशेब असावा. बाकीच्या मराठी वाचकांनी ते नामदेव ढसाळांविषयीचे पुस्तक म्हणून वाचले. कवी मोठा की माणूस लहान, हा वाद रंगला आणि लिहिणारी बाजूला राहिली.

आम्हाला त्या पुस्तकात दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. मारहाण, नवऱ्याकडून आलेला गुप्तरोग, मुलाच्या ताब्यासाठीची ओढाताण हे सारे त्यात विशीतल्या बाईच्या तोंडून येते, आणि ते झाकून ठेवलेले नाही. चळवळीतली माणसे त्या घरात येत-जात होती. जगभरच्या शोषणावर बोलणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हे घडत होते. आधार देणारा समाज म्हणतात तो नेमका कोण, हा प्रश्न त्या पुस्तकाने विचारला आहे. तो जमातीला जितका लागू आहे, तितकाच पुरोगाम्यांनाही. भाषा विस्कळीत आहे, राग आवरलेला नाही, हा आक्षेप आम्हाला मान्य नाही. मार खाताना कुणी परिच्छेद पाडत नाही.

मेहरुन्निसा दलवाई यांच्या 'मी भरून पावले आहे' या आत्मकथनाचा सूर वेगळा, शांत. १९७७ साली हमीदभाई गेले आणि मंडळाचे काम त्यांनी पुढे नेले. सुधारणेची भाषणे झाली की अडलेली बाई शेवटी कुणाच्या तरी घराचे दार वाजवते. ते दार उघडणारी बहुधा बाईच असते, आणि आमच्या कथेत तिला जागा नाही. तिथे तारणहार ठरलेला: शिकलेला तरुण, प्राध्यापक, फार तर वकील. तो येतो, दोन पाने बोलतो, नायिकेचे डोळे उघडतात.

वऱ्हाडातला मोहल्ला असा चालत नाही. अकोल्याच्या बैदपुऱ्यात किंवा अकोट फैलात रात्री मार खाल्लेली बाई आधी जाते शेजारच्या खालाकडे. मग बाळापूरला नाही तर पातूरला, माहेरी. माहेरची माणसे चार दिवस ठेवून घेतात आणि 'सबर कर, बेटी' म्हणत परत आणून सोडतात. तिसऱ्या-चौथ्या खेपेला प्रकरण बिरादरीच्या पंचांपुढे जाते. पंच सूरह निसाच्या पस्तिसाव्या आयतीचा आधार देतात. त्या आयतीत एक मध्यस्थ नवऱ्याच्या घरचा आणि एक बायकोच्या घरचा सांगितला आहे. बैठकीत बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी पुरुषच बोलतात आणि जिचे भांडण आहे ती परद्याआड बसते. समझौता होतो. समझौत्यानंतरच्या रात्रीवर कुणी कथा लिहिली आहे काय?

मुंबईत याला उत्तर शोधले गेले. शहनाज शेख यांनी १९८३ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि पुढे 'आवाज-ए-निस्वाँ' उभी राहिली. १९८४ पासून पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने महिलांसाठी विशेष कक्ष चालू झाला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू झाले. हाड मोडले म्हणून आलेल्या बाईला ते कसे मोडले, हे तिथे विचारले जाऊ लागले. २०१३ मध्ये भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने बायकांची शरियत अदालत भरवली. पंचाच्या जागी बाई बसली! एवढ्या घडामोडीत कादंबरीचा ऐवज नाही, असे कोण म्हणेल?

कायद्याकडेही आमचे लेखक अर्धेच पाहतात. नवरा नेहमी मारत असेल तर मुस्लिम बाईला न्यायालयातून विवाहविच्छेद मिळू शकतो, हे १९३९ च्या कायद्यात लिहिलेले आहे. म्हणजे मार हा विषय आमच्या कथेच्या कितीतरी आधी कायद्यात येऊन बसला. लैंगिक जबरदस्तीविषयी तर पूर्ण शांतता. बायको अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्याची जबरदस्ती आजच्या न्याय संहितेतही बलात्कार ठरत नाही. परंतु २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा लैंगिक छळाला हिंसाचारच म्हणतो. तो सर्व धर्मांच्या बायकांना लागू आहे, आणि घर नवऱ्याच्या नावावर असले तरी तिला तिथे राहण्याचा हक्क देतो. तलाक न मागता, निकाह न मोडता ती संरक्षण मागू शकते. आमच्या कथानायिकेपुढे मात्र लेखक दोनच रस्ते ठेवतो, सोसणे किंवा तलाक.

याच कायद्यात शेजारणीलाही जागा आहे. हिंसा होते आहे असे वाटले तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि ते सद्‌हेतूने कळवले असेल तर त्याच्यावर दिवाणी-फौजदारी काही येत नाही. नात्याची अट नाही. भिंतीपलीकडून ऐकणाऱ्या खालाला हा अधिकार ऑक्टोबर २००६ पासून आहे. तिने तो वापरला तर दुसऱ्या दिवशी नळावर तिच्याशी कोण बोलेल, तिच्या मुलीच्या सोयरिकीचे काय होईल, निकाहनाम्याची नक्कल आणि रेशनकार्ड ती आपल्या पेटीत किती दिवस दडवून ठेवील, ही कथा आम्हाला वाचायची आहे. तिथे भाषण करणारा तरुण नसला तरी चालेल.