गुरबक्ष सिंग लखिना यांचे अवकाशीय प्लाझ्मा संशोधन : कुलाब्याच्या नोंदींच्या संदर्भात

मराठीत वैज्ञानिकांविषयी जे लेखन होते ते बहुधा पदे, पुरस्कार व निबंधसंख्या यांच्या यादीपाशी थांबते. संशोधकाचे प्रतिपादन कितपत टिकते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे माजी संचालक गुरबक्ष सिंग लखिना यांच्या कार्याचा येथे त्या दृष्टीने विचार केला आहे.

लखिना हे मूलतः सिद्धान्तकार होत. अवकाशातील विद्युतभारित कणांच्या विरळ वायूत, म्हणजेच प्लाझ्मात, कणांची टक्कर जवळजवळ होत नाही. ऊर्जेची देवाणघेवाण लहरींमार्फत घडते. या विषयावर ब्रूस त्सुरुतानी यांच्यासह त्यांनी १९९७ मध्ये लिहिलेला आढावा आजही उपयुक्त आहे. परंतु त्यांचे नाव दूरवर पोहोचले ते मुंबईतील जुन्या नोंदींमुळे. २ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाबा वेधशाळेत निरीक्षकांनी उपकरणे डोळ्यांनी वाचून टिपलेल्या आकड्यांत चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरलेला दिसतो. लखिना संचालक असताना, २००३ मध्ये, त्सुरुतानी, गोंझालेझ व शोभना अ‍ॅलेक्स यांच्यासह त्यांनी या नोंदींचा अर्थ लावला. त्या वादळाची जागतिक तीव्रता त्यांनी उणे १७६० नॅनोटेस्ला मानली. तुलनेसाठी, मार्च १९८९ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांत अंधारात बुडवणाऱ्या वादळाची तीव्रता उणे ५८९ होती.

हे प्रतिपादन निर्विवाद नाही. हे क्षेत्र काही मिनिटांतच झपाट्याने सावरले. पृथ्वीभोवतीच्या वलयप्रवाहाला इतकी घाई सहसा नसते. सिद्धान्तकाराला ही अडचण अपरिचित असणे शक्य नाही. अकासोफू आणि नागोया विद्यापीठातील संशोधनसंस्थेचे नेतृत्व केलेले कामिदे या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये आक्षेप नोंदवला. मूळ लेखकांनी त्यास उत्तर दिले. पुढे २००६ मध्ये सिस्को व सहकाऱ्यांनी कुलाब्याच्याच आकड्यांची तासाची सरासरी काढून तीव्रता सुमारे उणे ८५० ठरवली. हा निर्देशांक एरवी चार वेधशाळांच्या तासवार नोंदींवरून काढतात. एका केंद्रावरील क्षणिक घसरणीस त्याच मापात बसवणे, प्रस्तुत लेखकाच्या मते, या निबंधाचा दुबळा दुवा आहे.

तथापि, आक्षेप घेणाऱ्यांनाही कुलाब्याच्याच नोंदींकडे वळावे लागले. मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील निरीक्षणे १९१० मध्ये छापून ठेवली होती. विजेच्या ट्रामच्या भयाने अलिबागला नवी वेधशाळा उभारणारेही तेच. त्या सामग्रीला प्लाझ्मा-भौतिकीचा प्रश्न विचारणे, हे लखिना व सहकाऱ्यांचे खरे कर्तृत्व होय. उणे ८५० की उणे १७६०, यावर आज वीजजाळ्याच्या संरक्षणाचे गणित अवलंबून आहे.