भूमिका करणे आणि भूमिका घेणे

विद्यापीठांतून हल्ली जीवनकौशल्ये शिकवतात. जागतिक आरोग्य संघटनेने अशी दहा मूलभूत कौशल्ये सांगितली. त्यांत समानुभूती आहे, चिकित्सक विचार आहे, निर्णय घेणं आहे. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘जीवन कौशल’ हा अभ्यासक्रम आणला. मग ही शिकवायची कशी? नाटकातून, असं उत्तर येतं. विद्यार्थ्याला दुसऱ्याची भूमिका करायला लावा, त्याला दुसऱ्याचं दुःख कळेल. हे ‘कळेल’ आपण आज जरा तपासून पाहू.

त्यासाठी विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घेऊ. १९६७ मध्ये रंगभूमीवर आलेलं हे नाटक. हौशी नटमंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला आली आहेत. प्रयोगाला अवकाश आहे. गावातल्या सामंताला कोर्ट समजावं म्हणून गंमतीखातर एक खटला मांडतात, आणि आरोपी करतात शिक्षिका लीला बेणारेला. हां हां म्हणता गंमत संपते, तिचं खासगी आयुष्य चव्हाट्यावर येतं.

आता बघा, या मंडळींत कमी काय आहे? संवाद येतो, वक्तृत्व आहे, गटात काम करायची सवय आहे, भूमिकेत शिरण्याचा सराव तर भरपूर. नाही ती समानुभूती. उलट भूमिका हीच त्यांची ढाल होते. मी नव्हे, वकील बोलतो आहे, अशी सोय झाली की माणूस काय वाटेल ते बोलतो. शेवटी तिच्याजवळ हिरवा कापडी पोपट ठेवून जातो तो नवखा सामंत. आणि लक्षात घ्या, खेळाच्या ओघात खोटी साक्ष त्यानेही दिलेली असते.

कुणी म्हणेल, ही नाटकातली माणसं. वर्गात असं कुठे होतं? होऊ शकतं. ज्याचा दबदबा तो न्यायाधीश होतो, जी गप्प बसते तिच्या वाट्याला आरोपीचा पिंजरा येतो, आणि बाकीचे हसतात. भूमिका वाटल्या जातात तिथेच निम्मा धडा शिकवून झालेला असतो.

ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी (१९३१–२००९) याचा विचार केला होता. त्यांच्या ‘फोरम थिएटर’मध्ये प्रेक्षक ‘थांबा’ म्हणून खेळ अडवू शकतो, दडपल्या जाणाऱ्या पात्राच्या जागी स्वतः उभा राहून वेगळा मार्ग करून पाहतो. समोरची पात्रं सहजी हार मानत नाहीत. त्यामुळे मार्ग खरोखर चालतो का, तेही कळतं. बेणारेच्या कोर्टात असं ‘थांबा’ म्हणून ठामपणे कुणी उभं राहिलं नाही.

मराठीत आपण भूमिका करतो आणि भूमिका घेतोही. पहिलीतून दुसरी आपोआप निघत नाही. ती काढून घ्यावी लागते. म्हणून शिक्षकांना आमची एवढीच विनंती: अभिनयाला गुण देण्याआधी प्रत्येकाला विचारा, खेळ कुठे थांबवायला हवा होता, आणि तू का नाही थांबवलास?